कोपरा सोडला तिथेच घोळ झाला

विंडोज ११ मध्ये स्टार्ट बटण मधोमध आलं तर एवढं काय बिघडलं, हा प्रश्न रास्त आहे. बिघडलं ते नेम धरण्यात. कोपऱ्यातलं बटण न बघताही सापडतं. माउस खाली डावीकडे भिरकावला की पॉइंटर तिथेच अडतो. मधलं बटण मात्र शोधावं लागतं, आणि वर चार प्रोग्रॅम उघडले की ते डावीकडे सरकतं. म्हणजे रोज नवा नेम! सेटिंग्जमध्ये जाऊन टास्कबारवरची (खालच्या पट्टीवरची) बटणं डावीकडे घ्या, मोकळे व्हा.

राइट-क्लिकमध्ये कट-कॉपीची आधी नुसती चित्रं होती, ते मला अजिबात पटलं नव्हतं. विंडोज ११ च्या २४एच२ या नंतरच्या आवृत्तीत त्यांच्याखाली शब्द आले. तेवढं एक बरं केलं.