केगमधून नुसता फेस, आणि फेस बसला की खाली फ्लॅट बियर – मदत हवी आहे

मंडळी, घरी केलेली बियर आत्तापर्यंत बाटल्यांतच भरायचो, आता केगवर (गॅसच्या दाबाने टॅपमधून बियर ओतायचं स्टीलचं पिंप) आलोय आणि डोक्याला ताप झालाय. पेल एल आहे, फर्मेंटेशन नीट पूर्ण झालं, ग्रॅव्हिटी (बियरची घनता) स्थिरावलेली बघूनच केगमध्ये घेतली. केग 19 लिटरचा बॉल लॉक (जोडणीचा एक प्रकार), सेकंडहँड, पण घासूनपुसून घेतलेला. फ्रिज 4 डिग्रीला, रेग्युलेटर 12 पीएसआयवर (दाबाचं माप), आणि सिलिंडरमधला सीओटू (कार्बन डायऑक्साइड) गॅस तसाच लावून ठेवला, हलवाहलवी काही नाही, दोन आठवड्यांच्या वर झाले असतील.

प्रॉब्लेम असा की टॅप उघडला की फर्रकन पाऊण ग्लास फेसच येतो आणि तो बसेपर्यंत थांबलं तर खाली जी काही बियर उरते तिच्यात जीवच नसतो. आता गॅस जास्त झालाय म्हणायचं की कमी? एक मित्र म्हणतो प्रेशर वाढव, बियर फ्लॅट आहे. दुसरा म्हणतो कमी कर, फेस येतोय. दोघांचंही ऐकून पाहिलं. 5 पीएसआयवर आणल्यावर पहिले एकदोन ग्लास बरे आले, पण नंतर बियर आणखीनच मेली आणि लाईनमध्ये मोकळे फुगे दिसायला लागले, म्हणून परत 12 वर नेलंय.

बियरची लाईन पारदर्शक, दीड मीटर, आतून साधारण सहा मिलीमीटर, गॅसला जी नळी वापरलीय तिचाच तुकडा. टॅप फ्रिजच्या दारावर बाहेरच्या बाजूने.

अजून एक शंका. सिलिंडर बाहेर होता तेव्हा त्याचा काटा 55 बारच्या पुढे असायचा, फ्रिजमध्ये ठेवला तर सकाळपर्यंत 40 च्या खाली! लीक आहे का कुठे? साबणाचं पाणी सगळीकडे लावून बघितलं, एक बुडबुडा दिसत नाही, तरी मनाची खात्री पटत नाहीये.

प्रतिसाद १

सिलिंडरचं आधी, कारण ते सोपं आहे. लीक नाहीये. आत सीओटू द्रवरूपात असतो आणि थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी काटा फक्त तापमानाप्रमाणे हलतो, 20 डिग्रीला 56 बारच्या आसपास, 4 डिग्रीला 38 च्या आसपास. सिलिंडर काठोकाठ असो नाहीतर तळाला आलेला, आकडा तोच. द्रव संपला की मात्र धाडकन पडतो, आणि तो नेमका घरी पाहुणे आल्यावरच पडतो. किती उरलाय ते कळायला वजन करा, रिकाम्याचं वजन बहुतेक सिलिंडरच्या गळ्याशी ठोकलेलं असतं.

आता फेस. केगमधली बियर माझ्या मते बरोबर आहे. 4 डिग्री आणि 12 पीएसआय म्हणजे लिटरभर बियरमध्ये साधारण अडीच लिटर सीओटू, पेल एलला तेवढाच लागतो. तो ग्लासापर्यंत पोचत नाहीये, वाटेतच सुटतोय. फेस म्हणजे बियरमधून निघालेला गॅसच की, तो सगळा वर फेसात गेला तर खाली फ्लॅटच उरणार. त्यामुळे तुमचे दोन्ही मित्र बरोबर वाटतात आणि दोघंही चुकतात.

संशय नळीवर. केगमध्ये 12 पीएसआय आणि टॅपच्या तोंडाशी शून्य, हा दाब नळीने जाताजाता खायला पाहिजे. सहा मिलीमीटरची नळी फुटाला एक पीएसआयसुद्धा खात नाही, म्हणजे तुमच्याकडे जेमतेम चार गेले आणि बियर सुसाट येऊन टॅपमध्ये फुटते. आतून 3/16 इंचाची घ्या, तीन मीटर. कागदावर ती फुटाला दोन-तीन पीएसआय खाते, म्हणजे निम्मी पुरायला हवी, पण लांब झाली तर कापता येते.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, पण नळी मागवायच्या आधी टॉर्च घेऊन फ्रिजसमोर बसा आणि कोणाला तरी टॅप उघडायला सांगा. बुडबुडे कुठून सुरू होतात ते बघायचं. डिस्कनेक्टमधून (नळी केगला जोडणारा कनेक्टर) निघतानाच बारीक बुडबुड्यांची सलग माळ दिसली तर नळी कितीही लांब करा, उपयोग नाही. बियरच्या पोस्टखाली (केगवरचं तोंड, ज्यावर डिस्कनेक्ट बसतो) डिप ट्यूबच्या, म्हणजे तळातून बियर वर आणणाऱ्या नळीच्या, कॉलरला एक छोटी ओ-रिंग (रबरी कडी) असते, ती चिरली की केगच्या वरच्या मोकळ्या जागेतला गॅस तिथून सरळ बियरच्या धारेत घुसतो. साबणाच्या पाण्याने हा लीक जन्मात सापडणार नाही, कारण गॅस बाहेर येतच नाही. सेकंडहँड केग म्हणालात म्हणून पहिली शंका हीच आली. ड्राय हॉप केलं असेल (बियर थंड असताना हॉप्स टाकले असतील) तर पॉपेटमध्ये, म्हणजे पोस्टमधल्या स्प्रिंगवाल्या झडपेत, कचराही बघा. आणि खोलायच्या आधी गॅस बंद करून रिलीफ व्हॉल्व्हने (केगची दाब सोडायची झडप) सगळा दाब काढा, नाहीतर पोस्ट छतात शोधावी लागेल.

माळ नसेल आणि फक्त टॅपजवळ फुगा जमत असेल तर टॅप गरम आहे. दाराबाहेरचा टॅप खोलीच्या तापमानाला असतो, पहिला ग्लास फेसाळणारच, लागलीच दुसरा भरा, तो नीट आला तर कारण तेच. टॅप कायम पूर्ण उघडायचा. अर्धवट उघडला की फेस कमी होईल असं सगळ्यांना वाटतं, होतं नेमकं उलट.

धागाकर्ता

अहो माळच होती! ड्राय हॉप केलंच होतं. पोस्ट खोलली तर ओ-रिंग पार चपटी, एका बाजूला चीर, आणि पॉपेटच्या स्प्रिंगमध्ये हिरवा चोथा. ओ-रिंग बदलली, सगळं धुतलं, जुन्याच नळीने ओतून बघितलं, माळ गायब आणि फेस निम्म्यावर. उरलेला नळीचा असणार, ती मागवलीय. पण शनिवारी मंडळी येतायत, तोवर नळी काही यायची नाही, काय करू?

प्रतिसाद १

शनिवारी गॅस बंद करा, रिलीफ व्हॉल्व्ह ओढून केगमधला दाब सोडा आणि रेग्युलेटर 3-4 पीएसआयवर लावून वाढा. मंडळी गेली की त्याच रात्री परत 12. तसंच कमी दाबावर राहू दिलं तर बियर हळूहळू गॅस सोडत त्या दाबाशी जुळवून घेते, 5 वर मेली ती त्यामुळेच, आणि लाईनमधले फुगे म्हणजे तोच सुटलेला गॅस. संध्याकाळभरात काही बिघडत नाही. ग्लास थंड पाण्याने विसळून घ्या आणि तिरपा धरून भरा.