विमान कंपनीच्या जुन्या माहितीपत्रकाचा काळ कसा ठरवावा?

पंचवटीकर: वाडा पाडण्यापूर्वी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उघडली, तेव्हा आजोबांच्या कागदांत एअर-इंडिया इंटरनॅशनलचे घडीचे माहितीपत्रक सापडले. मुखपृष्ठावर महाराजा लवून उभा आहे, आत चार पंख्यांचे आणि शेपटीला तीन उभी पाती असलेले विमान आहे, आणि नकाशावरची तांबडी रेघ लंडनपासून मुंबईमार्गे टोकियोपर्यंत जाते. जादा सामानाचा दर रुपये-आण्यांत आहे, वर्ष मात्र कोठेही नाही. हे १९५३ च्या राष्ट्रीयीकरणाआधीचे मानावे काय?

टपालप्रेमी, नाशिकरोड: नावामुळे तसे वाटते खरे, पण येथेच फसगत होते. १ ऑगस्ट १९५३ रोजी देशांतर्गत वाहतूक करणाऱ्या आठ कंपन्या इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाल्या, परदेशी मार्गांचे महामंडळ मात्र एअर-इंडिया इंटरनॅशनल याच नावाने चालू राहिले आणि त्यातील ‘इंटरनॅशनल’ हा शब्द १९६२ मध्ये गळाला. महाराजा १९४६ पासूनचा, त्यामुळे त्याची साक्ष कामाची नाही. नकाशा पाहा: ८ जून १९४८ ची पहिली सेवा मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला गेली, आणि टोकियो जोडले गेले ते १९५५ मध्ये. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले, म्हणून आणे दुसरी कड दाखवतात. (त्याच ट्रंकेत पहिल्या उड्डाणाचे बारा आण्यांचे तिकीट लावलेले पाकीट असेल, तर ते फेकू नका.)

जुना कागद: मला हे पटते, फक्त विमानाची खात्री करावी. तीन पाती कॉन्स्टेलेशनलाही होती आणि १९५४ मध्ये आलेल्या सुपर कॉन्स्टेलेशनलाही. पहिल्याच्या खिडक्या गोल, दुसऱ्याच्या चौकोनी. आणखी एक विनंती: लॅमिनेशन करू नका, टाचणी असल्यास ती हलक्या हाताने काढा आणि पावसाळ्यात कागद कोरड्या जागी ठेवा, नाहीतर कसर लागते.

पंचवटीकर: भिंगातून पाहिले, खिडक्या चौकोनीच आहेत, म्हणून पाकिटावर ‘१९५५ ते १९५७’ असे पेन्सिलीने लिहून ठेवले. टाचणीही काढली, पण तिच्या गंजाचा डाग नेमका कैरोवर पडला आहे.