बोर्दोचा वाइन महोत्सव आणि सोबत न पिणारे सासूसासरे, तीन दिवस कसे काढावेत?

रानजाई
नमस्कार मंडळी. जूनमध्ये आम्ही पॅरिसला नणंदेकडे जातोय, आणि त्याच दिवसांत बोर्दोला नदीकाठी वाइनचा मोठा उत्सव असतो असं कळलं, त्यामुळे मी आणि नवऱ्याने तीन दिवस तिकडे जायचं ठरवत आणलंय. सासूबाई आणि बाबा पण सोबत असतील. दोघं घेत नाहीत, आम्ही घेतली तर काही म्हणतही नाहीत, पण त्यांना कुठेतरी बाकावर बसवून आपण ग्लास घेऊन हिंडायचं हे मला काही पटत नाही. बाबा वीज मंडळातून रिटायर झालेत, गुडघ्याचा त्रास आहे. सासूबाई शाकाहारी, अंडंही चालत नाही. कुणी जाऊन आलंय का? त्यांना नेण्यात अर्थ आहे की पॅरिसलाच लेकीकडे राहू द्यावं?

चांदणवेल
न्याच गं त्यांना! मी आईला घेऊन गेले होते, ती तर थेंबही घेत नाही. हा उत्सव कुठल्या हॉलमध्ये किंवा शहराबाहेरच्या मैदानात नसतो, ऐन शहरात गारोन नदीच्या घाटावर दोनेक किलोमीटर मंडप लागतात, आणि ज्याला प्यायचं नाही त्याला नुसतं फिरायला कोणी अडवत नाही. पास फक्त पिणाऱ्याने घ्यायचा, त्यात काचेचा ग्लास आणि तो गळ्यात अडकवायला पिशवी मिळते, मग मंडपामंडपात जाऊन थोडी थोडी चाखायची. १९९८ पासून भरतोय हा उत्सव. काही वर्षी मोठी शिडाची जहाजंही येऊन लागतात धक्क्याला.

आणि त्याच घाटावर प्लास द ला बूर्स या चौकाच्या समोर 'पाण्याचा आरसा' आहे, तिथे सासूबाईंना नक्की ने. काळ्या ग्रॅनाइटच्या फरशीवर जेमतेम दोन सेंटिमीटर पाणी, त्यात समोरची अठराव्या शतकातली सगळी इमारत उलटी दिसते, मग पाणी ओसरतं आणि फरशीतून धुकं वर येतं. आईने चपला काढल्या, साडीचा काठ हातात धरला आणि त्या धुक्यात उभी राहिली, आजूबाजूला लहान पोरं पळत होती. अर्धा तास हलली नाही तिथून. जूनमध्ये पावणेदहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे दुपारचं ऊन टाळून संध्याकाळी जा.

खडूफळा
बाबांसाठी एक खास गोष्ट सांगतो. बोर्दोची ट्रॅम २००३ ला सुरू झाली आणि जुन्या शहरात तिच्या डोक्यावर तारा नाहीत! रुळांच्या मधोमध जमिनीत तिसरा रूळ आहे, त्याचे तुकडे केलेत, ट्रॅम ज्या तुकड्यावर असेल तेवढ्यातच वीज येते, पुढे गेली की बंद, म्हणून लोक बिनधास्त त्यावरून चालतात. वीज मंडळातल्या माणसाला हे दाखवाच, तासभर बोलतील त्यावर. गुडघ्याचीही सोय होते कारण ट्रॅम फुटपाथच्या लेव्हलला थांबते, चढायला पायरी नाही. पॅरिसहून टीजीव्ही या वेगवान ट्रेनने दोन तास आणि वर काही मिनिटं, स्टेशनवरून ट्रॅमची सी लाइन थेट घाटावर आणते.

गारोनवरच्या जुन्या दगडी पुलाला १७ कमानी आहेत, नेपोलियन बोनापार्ट या नावाची फ्रेंच अक्षरंही १७, हे तिथे सगळे सांगतात. पूल बांधायचा हुकूम त्याचाच, पण पुरा झाला १८२२ ला, तोवर तो वारलाही होता.

द्राक्षवेल
चाखण्याबद्दल लिहितो, कारण पहिल्या दिवशी लोक इथेच चुकतात. प्रत्येक ग्लास संपवायचा नसतो. तोंडात घोळवायची आणि पिंपात थुंकायची, कोणी वाईट समजत नाही, उलट वाइनवाले स्वतः तेच करतात. सुरुवातीला नदीच्या डाव्या काठच्या मळ्यांतली एक आणि उजव्या काठची एक अशा दोन वाइन लागोपाठ घ्या. डावीकडे मेदोकला खडीची जमीन, तिथे काबर्ने सोव्हिन्यों जातीची द्राक्षं जास्त, वाइन जिभेवर तुरट आणि ताठ लागते. उजवीकडे सेंत-एमिलियोंला चिकणमाती आणि चुनखडी, तिथे मेर्लो जातीची द्राक्षं जास्त, ती वाइन मऊ लागते. हा एक फरक जिभेला कळला ना की पुढचे मंडप आपोआप कळायला लागतात. वाइन स्कूलचे छोटे वर्गही तिथेच असतात, जागा मिळाली तर सोडू नका.

सिते द्यु व्हॅं हे २०१६ ला उघडलेलं वाइनचं म्युझियम चौघांनी मिळून बघा. तिकिटात वरच्या मजल्यावर एक ग्लास असतो, न पिणाऱ्याला द्राक्षाचा रस देतात. म्हणजे चौघांच्या हातात ग्लास आणि खाली नदी. तुमचा प्रश्न खरं तर तिथेच सुटतो.

कातळशिल्प
वरचं सगळं बरोबर, पण एवढं बघून परत येऊ नका. त्या सुंदर घाटावरचा पैसा नुसत्या वाइनचा नाही, बोर्दो गुलामांच्या व्यापाराचंही बंदर होतं. घाटावरच मोदेस्त तेस्तास या गुलाम केलेल्या बाईचा पुतळा आहे, २०१९ ला बसवला. तिथे दोन मिनिटं थांबा. म्युझे दाकितेन या म्युझियममध्ये हा इतिहास नीट मांडलाय. सेंत-आंद्रे कॅथेड्रलही बघा, ११३७ साली या मुलखाची वारसदार एलिनोर हिचं पहिलं लग्न तिथे लागलं. दुसरं तिने ज्याच्याशी केलं तो पुढे इंग्लंडचा राजा झाला आणि तीनशे वर्षं हा मुलूख इंग्रजांकडे राहिला, त्यांना बोर्दोच्या वाइनची चटक लागली ती तिथून.

सेंत-एमिलियों हे वाइनचं गाव ट्रेनने साधारण पस्तीस मिनिटांवर आहे पण तिथे उतार आणि उंचसखल दगडी गल्ल्या, बाबांचा गुडघा बघता मी तरी नेणार नाही.

रानजाई
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! ट्रॅमचं बाबांना वाचून दाखवलं, ते आता स्वतःच तिकिटांचं विचारतायत. सासूबाईंच्या खाण्याचं तेवढं सांगा ना, तिथे कानले नावाचा गोड पदार्थ मिळतो म्हणे?

चांदणवेल
कानले नको देऊस त्यांना, त्यात अंड्याचा बलक आणि रम दोन्ही असतं. मांस, मासे, अंडं नको असं फ्रेंचमध्ये कागदावर लिहून घे नणंदेकडून आणि हॉटेलात तो कागदच दाखव, आम्ही तेच केलं. सकाळी कापुसँच्या बाजारात जा, जूनमध्ये चेरी आणि जर्दाळू ताजे असतात, पाव घ्या, आणि घाटावर झाडाखाली बसून खा चौघं.