मदत हवी आहे: कोल्हापुरात राजारामपुरीतलं घर तारण ठेवून शेअर्स घ्यावेत की कळंब्याला प्लॉट?

घर वडिलांच्या नावावर, कर्ज नाही. बँक 20 लाख द्यायला तयार आहे, 10 टक्के, 10 वर्षं, फ्लोटिंग (अधूनमधून बदलणारा) दर. पगार 62 हजार. काय काय तपासू?

हप्तेबंद : भावा, आधी हप्ता बघ. 26,430 रुपये महिना, म्हणजे पगाराचे चाळीस टक्क्यांहून जास्त. दहा वर्षांत 31 लाख 72 हजार भरायचे. हप्ता पगारातून जाणार असेल तरच पुढचं बोलू. शेअर्स विकून हप्ता भरायचा बेत असेल तर तिथंच थांब. जानेवारी ते मार्च 2020 मध्ये निफ्टी (50 मोठ्या कंपन्यांच्या शेअर्सचा निर्देशांक) 38 टक्क्यांच्या आसपास पडला होता. तसं झालं तर 20 लाखांचे साडेबारा लाखही राहत नाहीत आणि पहिल्या वर्षात मुद्दल फिटतं फक्त सव्वा लाख. पडलेल्या भावात दरमहा विकत राहिलास तर बाजार वर आला तरी तुझ्याकडं शेअर्सच उरत नाहीत. शिवाय एका वर्षानंतर विकलेस तरी सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे, त्यामुळं 10 टक्के परतावा म्हणजे बरोबरी नव्हे, तोटा.

मिळकतपत्रिका : प्लॉटचं दुखणं वेगळं. भाडं शून्य, हप्ता चालू, आणि गरज पडली तर महिन्याभरात विकला जाईल याची खात्री नाही. घेणारच असाल तर बिनशेती आदेश (शेतजमीन घरासाठी वापरायची परवानगी), मंजूर रेखांकन (प्लॉट पाडल्याचा नकाशा) आणि 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोजाचा तपास) वकिलाकडून स्वतः काढून घ्या. गुंठेवारीचा (मंजूर रेखांकनाशिवाय पाडलेला) तुकडा स्वस्त दिसतो, पण पुढच्या गिऱ्हाईकाला त्यावर कर्ज मिळायला अडचण येते.

घराचंही बघा. गहाण वडीलच ठेवू शकतात, त्यामुळं तेही कर्जदार होतील आणि मुदत त्यांच्या वयावर ठरेल. मिळकत वडिलोपार्जित असेल तर बहीण-भावांची संमती लागते. मिळकतपत्रिका (शहरातल्या जागेचा मालकीचा उतारा), घरफाळ्याची पावती, मूळ खरेदीदस्त आत्ताच एकत्र करा.

हप्तेबंद : अर्जात घरदुरुस्ती लिहून पैसे डिमॅटला, म्हणजे शेअर्सच्या खात्याला, वळवू नकोस. सट्ट्यासाठी वापरणार नाही असं बहुतेक बँका लिहून घेतात. हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए (थकीत कर्ज), मग सरफेसी कायद्याची (कोर्टात न जाता तारण ताब्यात घ्यायचा कायदा) 60 दिवसांची नोटीस. ती येते वडिलांच्या राहत्या घरावर. म्हणून सहा हप्ते, साधारण 1 लाख 60 हजार, एफडीत बाजूला ठेवल्याशिवाय सही नको.

धागाकर्ता : दादा, हप्ता पगारातून झेपत नाही. 8 लाखच घेतले तर?

हप्तेबंद : मग हप्ता साधारण 10,570. मंजुरीपत्र मिळालं की नाव आणि खातं क्रमांक झाकून इथं टाक. प्रोसेसिंग फी आणि दर किती महिन्यांनी बदलणार, ते कलम वाचून सांगतो.