‘बेओवुल्फ’मधील केनिंग: निव्वळ अलंकार की आणखी काही?

खडूफळा:
नमस्कार. पदवीच्या शेवटच्या वर्षाला ‘बेओवुल्फ’ शिकवण्याची वेळ यंदा प्रथमच माझ्यावर आली आहे. ३१८२ ओळींच्या या जुन्या इंग्रजी काव्यावर गाइडांमधले उत्तर ठरलेले असते: निष्ठा, दैव आणि सुष्ट-दुष्टांचा झगडा ही आशयसूत्रे, चार-पाच पात्रांची स्वभावचित्रे, आणि शेवटी ‘काव्यविशेष’ या मथळ्याखाली केनिंग (वस्तूचे नाव न घेता तिला सुचवणारा जोडशब्द) व अनुप्रास यांच्या व्याख्या. मुले ते पाठ करतात आणि गुणही मिळवतात. मात्र गेल्या आठवड्यात एका मुलीने विचारले की, समुद्राला समुद्र न म्हणता ‘देवमाशांची वाट’ म्हटल्याने ग्रेंडेल या राक्षसाच्या गोष्टीत नेमका काय फरक पडतो? ‘पंकज’, ‘जलद’ यांसारखेच हे सामासिक शब्द आहेत, असे सांगून मी वेळ मारून नेली. ते बरोबर होते का? शिवाय ग्रेंडेलच्या आईला कवीने नावच का दिले नसावे, हाही प्रश्न मला पडला आहे.

समासचक्र:
ताई, तुलना जवळची आहे, पण एका जागी अडते. कमळ चिखलात जन्मते हे खरेच आहे; ‘पंकज’ म्हणताना कवी कशावर कशाचा आरोप करत नाही. ‘चरणकमल’मध्ये रूपक आहे, परंतु तिथे चरणांचा उल्लेख झालेलाच असतो. केनिंगमध्ये रूपक असते आणि मूळ वस्तू मात्र गाळलेली असते. ‘हाडांचे घर’ एवढेच म्हणायचे आणि शरीर श्रोत्याने ओळखायचे, अशी ही रीत असल्यामुळे तिचे नाते समासापेक्षा आपल्या हुमाणाशी अधिक आहे. दहाव्या शतकातील एक्सेटर हस्तलिखितात नव्वदच्या वर पद्य कोडी आहेत, ती या संदर्भात वर्गात अवश्य दाखवा.

दुसरी गोष्ट छंदाची. या काव्यात यमक नाही. ओळीचे दोन अर्ध, प्रत्येकात दोन आघात, आणि तिसऱ्या आघाताचा आरंभध्वनी पहिल्या किंवा दुसऱ्या आघाताशी (कधी दोघांशीही) जुळलाच पाहिजे, असा नियम आहे. आपल्याकडे अनुप्रास काढून टाकला तरी ओवी उभी राहते. इथे तो काढला की ओळच कोसळते. त्यामुळे कवीला ‘ह’ने सुरू होणारा समुद्र एकदा लागतो, तर ‘स’ने सुरू होणारा दुसऱ्यांदा. ‘ह्रोनराड’ म्हणजे देवमाशांची वाट आणि ‘स्वानराड’ म्हणजे हंसांची वाट. बऱ्याच केनिंगांमागे एवढीच गरज आहे, असे माझे मत आहे.

रात्रपाळी:
गरज मान्य आहे, पण ‘एवढीच’ हा शब्द मला पटत नाही. ग्रेंडेल ह्रोथगार राजाच्या हेओरोट या राजमंदिरात शिरतो तो प्रसंग पाहा. लोखंडी पट्ट्यांनी घट्ट केलेले दार त्याचा हात लागताच उघडते. आत झोपलेल्या एका योद्ध्याला तो फाडतो, आणि तिथे ७४२व्या ओळीत शब्द येतो ‘बानलोका’, म्हणजे हाडांना कोंडून ठेवणारे कुलूप. ते तो चावून फोडतो. पुढे काव्याचा नायक बेओवुल्फ त्याचा हात धरून ठेवतो आणि खांद्यापासून तो उखडला जातो, तेव्हा ८१८व्या ओळीत पुन्हा तोच शब्द आहे: आता ग्रेंडेलची बानलोका तुटतात. आधी दार, मग माणसाचे शरीर, मग दार फोडणाऱ्याचे शरीर. घर सुरक्षित नसणे हे या काव्याचे एक मोठे भय आहे, आणि शरीरालाही घर किंवा कुलूप म्हटल्यामुळे ते भय थेट हाडांपर्यंत पोहोचते. तुमच्या विद्यार्थिनीला हा प्रसंग दाखवता येईल.

पडवी:
आईच्या नावाविषयी. नाव का नाही, हे कवी सांगत नाही. पण तिच्यासाठी वापरलेले शब्द बारकाईने पाहण्यासारखे आहेत. १२५९व्या ओळीत तिला ‘इडेस’ म्हटले आहे. हा कुलीन स्त्रीसाठीचा शब्द आहे आणि ६२०व्या ओळीत तोच राणी वेआल्थेओसाठी आला आहे. त्याला लागूनच ‘आग्लॅचवीफ’ येतो (‘आग्लॅचा’ म्हणजे भयंकर योद्धा किंवा राक्षस, ‘वीफ’ म्हणजे स्त्री). कित्येक भाषांतरांत या दोन शब्दांची मिळून एक ‘राक्षसीण’ होते. गंमत अशी की यातला ‘आग्लॅचा’ हा शब्द ग्रेंडेललाही लागतो, आणि २५९२व्या ओळीत तर म्हातारा बेओवुल्फ व अग्निसर्प या दोघांना मिळून तो एकदाच वापरला आहे. तिथे मात्र अनुवादकांना ‘राक्षस’ म्हणवत नाही.

तिचे कृत्यही पाहा. त्या समाजात खुनाचा हिशेब सूडाने किंवा भरपाईने मिटत असे. बेओवुल्फच्या वडिलांनी केलेल्या एका खुनाची भरपाई स्वतः राजा ह्रोथगारने भरली होती. ग्रेंडेल बारा वर्षे माणसे मारतो आणि भरपाई द्यायला तयार होत नाही, हे कवी मुद्दाम नोंदवतो. आई मात्र एका मुलाच्या बदल्यात एकच माणूस, राजाचा जवळचा सल्लागार अॅश्हेरे, मारते, मुलाचा हात परत घेते आणि निघून जाते. या हिशेबात ती कुठेही चुकत नाही.

खडूफळा:
मग ‘सुष्ट-दुष्टांचा झगडा’ हे सूत्र शिकवायचे तरी कसे?

पडवी:
ते सोडू नका. ग्रेंडेल केनच्या (बायबलमधील भावाचा खून करणाऱ्याच्या) वंशातला आहे असे कवी स्पष्ट सांगतो आणि आपला कल कुठे आहे याबद्दल संशय ठेवत नाही. ग्रेंडेलच्या मरणाचे ‘कोणाही माणसाला दुःख वाटले नाही’ असे तो म्हणतो, ती न्यूनोक्ती आहे. पुण्यात ‘जेवण वाईट नव्हते’ म्हणतात, त्याच चालीची. फक्त, कवीचा कल एका बाजूला आहे आणि त्याचे शब्द दोन्ही बाजूंना लागतात, एवढे मुलांना दिसले पाहिजे.

समासचक्र:
‘एवढीच’ हा शब्द मी मागे घेतो. ‘रात्रपाळी’ यांनी सांगितलेल्या दोन ओळी मूळ भाषेत काढून पाहिल्या. ७४२मध्ये आघात ‘ब’वर आहेत: ‘बाट’ म्हणजे चावला, ‘बानलोका’, आणि ‘ब्लोड’ म्हणजे रक्त. ८१८मध्ये ‘बुर्स्टोन’ म्हणजे तुटली, पुन्हा ‘बानलोका’, आणि ओळीच्या दुसऱ्या अर्धात ‘ब’ पुरवणारा शब्द बेओवुल्फचे नाव आहे.