जुना पिकअप घरीच दुरुस्त करायचा आहे : आधी इंजिन की आधी चासी?

कलमबाग_लांजा
महिंद्राचा डीआय पिकअप, २०११ चं मॉडेल, २५२३ सीसी. दोन पावसाळे शेडमध्ये उभा होता. सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो, मग चालू होतो आणि गरम होईपर्यंत पांढरा धूर सोडतो. चढावर काळा धूर, ताकद नाही. ब्रेक पहिल्यांदा खोल जातो, दुसऱ्यांदा दाबला की वर धरतो. रिकामा असतानाही मागून उजवीकडे झुकलेला दिसतो. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा फुटलाय, मागच्या पाट्याच्या (स्प्रिंगच्या) हँगरजवळ चासीला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) गंजाचे पापुद्रे सुटलेत. जॅक, पाने, ग्राइंडर, आर्क वेल्डिंग मशीन घरी आहे. मेस्त्री म्हणतो, इंजिन खोलू. काय करू?

पाटा_कमान
इंजिनाला हात लावू नका, आधी चासी. ती हातची गेली असेल तर इंजिनावर घातलेला पैसा पाण्यात.

हौदा उतरवता आला तर उत्तमच. नसेल तर मागची चाकं काढून गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. पापुद्रे हातोडीने झाडा, वायर ब्रश मारा आणि टोच्या टोचत जा. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं, सडलेलं बद्द. हँगरचा ब्रॅकेट आणि चासी यांच्या फटीत विशेष बघा. तिथे पाणी साचतं, गंज फुगतो आणि रिवेट ताणून सैल करतो. असा रिवेट नुसता वेल्ड मारून पक्का होत नाही. तो काढून, भोक साफ करून घट्ट बसणारा हाय टेन्साइल बोल्ट घाला.

ठिगळ लावायचं तर चांगल्या जागी व्हर्नियरने जाडी मोजा आणि तेवढ्याच जाडीची पट्टी घ्या. पट्टीची टोकं सरळ उभी कापू नका, तिरकी निमुळती ठेवा. उभ्या टोकाला सगळा ताण एका रेषेत येतो आणि सहा महिन्यांत नेमकी तिथेच चीर जाते. त्याच कारणाने चासीच्या वरच्या आणि खालच्या पात्यावर आडवा वेल्ड नको. वेल्डिंग रॉड ७०१८ नंबरचा, ३.१५ मिमी, साधारण ११० ते १३० अँपिअर. कोकणातल्या हवेत हे रॉड ओल धरतात, सीलबंद पाकिटातलेच वापरा. बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि अल्टरनेटरचं कनेक्शन सोडा. अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावा. इंजिनावर लावलात तर करंट बेअरिंगमधून जाऊन त्यांना डाग पाडतो. डिझेलची टाकी जवळ असेल तर ती आधी उतरवा. ब्रेक पाइपही बाजूला करा.

केबिनचा तळ आर्कने करताना भोकं पडतात. १६ गेजचा पत्रा, २ मिमीचा ६०१३ रॉड, ५० अँपिअरच्या आसपास, आणि सलग न ओढता आलटून पालटून टाके. पाणी जायची भोकं बुजवू नका, तळ मुळात ती बुजल्यामुळेच सडतो.

झुकण्याचं म्हणाल तर उजव्या पाट्याचं पान तुटलेलं असणार. सेंटर बोल्टच्या भोवती आडवी गंजाची रेघ दिसते का बघा. सेंटर बोल्ट तुटला असेल तर एक्सल सरकतो आणि गाडी तिरकी चालते. यू बोल्ट काढले की नवेच घाला, जुने ताणलेले असतात. ५०० किमीनंतर ते पुन्हा कसा.

नोझल_टेस्ट
चासीबद्दल सहमत. पण तुमचं इंजिन खोलायच्या लायकीचं आहे हे अजून सिद्ध झालेलं नाही. सकाळचा पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. त्याला पिस्टनच्या रिंगाच कारणीभूत असतात असं नाही, खराब डिझेल, लाइनमधली हवा आणि गळका नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा) हे तिघेही तेच दाखवतात. धुराला गोडसर वास येत असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांमधलं पॅकिंग) गेलेलं.

दोन पावसाळे उभी टाकी म्हणजे तळाला पाणी आणि शेवाळासारखा चिकटा. टाकी पूर्ण रिकामी करून धुवा, डिझेलचे फिल्टर बदला, एअर फिल्टरही. चढावरचा काळा धूर कित्येकदा चोंदलेल्या एअर फिल्टरचाच असतो. मग प्रायमरने (हाताने मारायच्या पंपाने) हवा काढा. हवा येतच असेल तर फिल्टरनंतर हातभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडा. बुडबुडे दिसले तर दोष टाकी ते फिल्टर या भागात, बहुतेक भेगाळलेल्या रबरी नळीत.

त्यानंतर टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट, मॅन्युअलच्या मापाने. नोझल काढून पंपवाल्याकडे टेस्टवर लावा: उघडण्याचा दाब, फवारा आणि थेंब गळतो का. परत बसवताना तांब्याचे वॉशर नवे.

एवढं करूनही कमकुवत वाटलं तर चालू इंजिनवर एकेका नोझलचा पाइप नट अर्धा आटा सैल करा. ज्या सिलिंडरला आवाज बदलत नाही तो झोपलेला. चष्मा घाला, नट फडक्याने झाका, बोट जवळ नेऊ नका. त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं आणि ती जखम साधी नसते. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) सर्वात शेवटी मोजा. त्यात नुसत्या आकड्यापेक्षा चारही सिलिंडरमधला फरक बघा, तो ३-४ बारच्या वर गेला तरच हेड उघडायचा विचार.

कलमबाग_लांजा
चासीचा एकच रिवेट सैल आहे, पट्टी लावता येईल असं दिसतंय. टाकीतून बाटलीभर पाणी निघालं. फिल्टर बदलल्यावर सेल्फ लवकर घेते, धूर कमी झालाय, गेला नाही. काळा धूर एअर फिल्टरनेच गेला. ब्रेकचं काय, मास्टर सिलिंडर आणू का?

नोझल_टेस्ट
उरलेला धूर नोझलचा. टेस्ट करूनच घ्या, अंदाजाने नवे चार आणू नका.

ड्रम_शू
मास्टर आणण्याआधी पेडल काय सांगतं ते ऐका. हलका दाब देऊन मिनिटभर धरा. हळूहळू खाली सरकला आणि बाहेर कुठे गळती नसेल तर मास्टरचं रबर गेलं. स्पंजासारखा लागला तर हवा. तुमच्यासारखं पहिल्यांदा खोल आणि दुसऱ्यांदा वर धरत असेल तर बहुधा मागचे ब्रेक शू ड्रमपासून लांब गेलेत. म्हणजे फुकटचं काम, ॲडजस्टर फिरवून शू किंचित घासेल एवढा जवळ आणा, मग थोडा मागे.

पण ड्रम उघडलाच आहे तर व्हील सिलिंडरचं रबर उचलून बघा. आत ओल दिसली तर किट बदला. भिंतीला खड्डे असतील तर किट टिकत नाही, सिलिंडरच नवा घाला. ड्रमला धार असेल तर लेथवर घ्या, मात्र ड्रमवर कोरलेल्या कमाल मापापुढे नाही. ब्रेक ऑइल त्याच्या रिझर्व्हॉयरच्या झाकणावर लिहिलेल्या डॉट नंबरचंच घाला, इंजिन ऑइल किंवा डिझेलचा थेंबही नको, रबर फुगतं. हवा लांबच्या चाकापासून काढा: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. दरवेळी रिझर्व्हॉयर भरलेला ठेवा.

पाटा_कमान
एक राहिलं. गिअरबॉक्सला मॅन्युअलमध्ये जीएल-४ (गिअर ऑइलची प्रत) लिहिलं असेल तर डिफरन्शियलचं जीएल-५ त्यात ओतू नका, सिंक्रोनायझरच्या (गिअर जुळवणाऱ्या रिंगांच्या) पितळेला ते मानवत नाही. आणि रंग बदलायचा विचार असेल तर आधी आरटीओत विचारा, आरसीवर नोंद करावी लागते. तुमची गाडी आठ वर्षांच्या पुढची आहे, त्यामुळे फिटनेस दरवर्षी. तिथे नेण्याआधी रिफ्लेक्टिव्ह पट्ट्या लावून घ्या: पुढे पांढरी, मागे लाल, बाजूला पिवळी.