बेकार, बेरोजगार की 'घरीच असते'? श्रमबाजाराच्या आकड्यांतले शब्द

भाचीला कॉलेजात मराठीतून प्रोजेक्ट लिहायचाय, आयएलओचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे आकडे घेऊन भारत, अमेरिका, जर्मनी अशी तुलना करायची आहे. अनएम्प्लॉयमेंट रेटला बेकारी दर लिहू की बेरोजगारी दर, असं विचारतेय. आणि लेबर फोर्सला श्रमशक्ती, श्रमबळ की मनुष्यबळ? मी इंदूरची, आमच्याकडे सगळं हिंदीतून, त्यामुळे 'श्रम बल'च तोंडात बसलंय. कुणी नीट सांगेल का?

—

ताई, मीही इंदूरचाच. बेरोजगारी लिहायला सांगा. बेकार आपण पिक्चरला म्हणतो, रस्त्याला म्हणतो आणि माणसाला म्हटलं की ते लागतं, शिवाय बोलताना पगार नसलेला कुणीही बेकारच. आकडेवारीत तसं नाही. आयएलओच्या व्याख्येत तीन अटी एकदम लागतात: सर्व्हेत ज्या आठवड्याचं विचारतात त्या आठवड्यात कमाईचं काम एक तासही केलेलं नाही, काम शोधायला खरोखर काही हालचाल केली, आणि मिळालं तर लगेच रुजू व्हायला मोकळा आहे. एक अट जरी सुटली तरी तो बेरोजगार धरला जात नाही. शोधून शोधून थकला आणि नाद सोडला असा माणूस तर श्रमबळाच्याच (काम करणारे आणि बेरोजगार मिळून) बाहेर जातो, म्हणजे दर खाली येतो आणि लोकांचे हाल मात्र वाढलेले असतात, म्हणून नुसता बेरोजगारी दर कधीच एकटा देऊ नये, शेजारी श्रमबळ सहभाग दर, म्हणजे लोकांपैकी किती टक्के श्रमबळात आहेत ते, पाहिजेच.

भंवरकुआंला पीएससीचे क्लास लावून राहिलेल्या पोरांच्या घरी विचारा, मुलगा कुठे लागला का हो? उत्तर येतं, 'तयारी करतोय'. आता हा तयारी करणारा कुठल्या रकान्यात? शोधतोय का, लगेच रुजू होईल का, यावर ठरणार. आणि आपल्या पीएलएफएसमध्ये, म्हणजे भारत सरकारच्या श्रमबळ सर्व्हेत, शोधत नसला तरी कामाला तयार असलेलाही बेरोजगारांत धरतात, आयएलओची शोधण्याची अट तिथे सैल आहे. हे भाचीला तळटीपेत लिहायला लावाच.

श्रमशक्ती नको, मार्क्सवादी लिखाणात तो लेबर पॉवरसाठी चालतो. मनुष्यबळ म्हटलं की कंपनीचा एचआर डोळ्यासमोर येतो. श्रमबळ बरोबर, म्हणजे तुमच्या तोंडातलं श्रम बलच.

—

आणि 'काम' आणि 'रोजगार' हे एकच समजायचे का? आई दिवसभर राबते पण सर्व्हेवाल्याला घरातले सांगतात, 'ती काही करत नाही, घरीच असते'.

—

हा फार महत्त्वाचा मुद्दा आहे हो, खरं तर सगळी गोम इथेच आहे. २०१३ साली जिनिव्हाला श्रम संख्याशास्त्रज्ञांची १९वी आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तिथे काम आणि रोजगार अधिकृतपणे वेगळे केले. पगारासाठी किंवा नफ्यासाठी केलेलं ते रोजगार, घरच्यासाठी केलेलं तेही कामच पण रोजगार नाही. म्हणजे आई दुकानात विकायला पापड लाटते तर रोजगार, घरच्या डब्यासाठी लाटते तर काम. पापड तोच, लाटणं तेच! पीएलएफएसमध्ये अशा बायकांसाठी कोड आहेत, ९२ म्हणजे फक्त घरकाम, ९३ म्हणजे घरकाम शिवाय घरासाठी सरपण, चारा आणणं, शिवण वगैरे, आणि हे दोन्ही कोड श्रमबळाच्या बाहेर. 'काही करत नाही' हे वाक्य मराठीतून काढूनच टाकावं असं मला मनापासून वाटतं, कारण त्या एका वाक्याने बाई चुकीच्या रकान्यात जाऊन बसते.

उलटही बघा. आपल्या देशात १५ वर्षांवरच्या बायकांचा सहभाग दर २०१७-१८ ला २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ ला ४१.७ झाला. पण रोजगारात धरलेल्या बायकांपैकी ३६.७ टक्के घरच्याच शेतीत, धंद्यात बिनपगारी मदतनीस आहेत. आकडा वाढला हे खरंच, हातात पैसा आला की नाही हा वेगळा प्रश्न आणि प्रोजेक्टमध्ये तो वेगळाच विचारला पाहिजे.

—

ग्वाल्हेरहून लिहितोय. एवढे फरक असतील तर मग दोन देशांचे आकडे शेजारी मांडायचेच कशाला?

—

मांडायचे दादा, पण प्रश्न काय विचारला होता ते बघून. एप्रिल २०२० घ्या. अमेरिकेचा दर १४.८ टक्क्यांवर गेला, जर्मनीचा ४ च्या आसपासच राहिला. जर्मनीत लॉकडाऊन झाला नाही असं थोडंच आहे, तिथे कुर्झआरबाइट नावाची सोय आहे, कंपनी तास कमी करते आणि बुडालेल्या पगाराचा मोठा भाग सरकार भरतं, त्या महिन्यात साठेक लाख लोक त्यात होते आणि ते सगळे रोजगारात मोजले. अमेरिकेत तात्पुरतं घरी बसवलेल्यांना बेरोजगार धरतात, मग त्यांनी दुसरं काम शोधलेलं असो नसो. तिथे घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणारा आठवड्याला १५ तास भरले तरच रोजगारात येतो, आपल्याकडे एक तास पुरतो. आपल्या सराफ्यातल्या खाऊच्या गाड्यावर बापाला तासभर मदत करणारा पोरगा इथे रोजगारात, तिथे नाही.

म्हणून ताई, आयएलओस्टॅटवरून, म्हणजे आयएलओच्या आकड्यांच्या साइटवरून, आकडे उतरवताना भाचीला सांगा की देशाच्या सर्व्हेचा आकडा आणि आयएलओचा मॉडेलवरचा अंदाज एकाच तक्त्यात मिसळू नको, दुसऱ्यापुढे 'अंदाज' असं लिहीच. वयोगटही बघ म्हणावं, अमेरिका १६ पासून मोजते, युरोपीय संघाची आकडेवारी संस्था युरोस्टॅट १५ ते ७४, आपण १५ च्या पुढे.

आता माझाही एक प्रश्न: नीट, म्हणजे १५ ते २४ वयाची जी मुलं शिक्षणात नाहीत, नोकरीत नाहीत, प्रशिक्षणातही नाहीत, त्यांना मराठीत काय म्हणावं? इथे नीट म्हटलं की लोकांना मेडिकलचीच परीक्षा आठवते, आणि 'रिकामी पोरं' मला तरी लिहवत नाही, त्यात कितीतरी लग्न होऊन घर सांभाळणाऱ्या मुली आहेत.